घोटीच्या मिलमधला कागद

१

तृप्ती देवरेला नाशिक आवडत नसे, आणि ते ती लपवतही नसे. गंगापूर रोडवरच्या एका खाजगी कला महाविद्यालयात ती टेक्स्टाइल डिझाइन शिकवायची. मुंबईत शिकून, तिथल्या एका कापड गिरणीच्या डिझाइन खात्यात उमेदीची वर्षं घालवून, ती गिरणी बंद पडल्यावर ती इथे आली होती. आल्या दिवसापासून तिचा तोरा असा, की आपण इथे बसची वाट पाहत उभ्या आहोत, बस आली की निघालोच. सहकारी तिला पाठीमागे 'मुंबईवाली' म्हणायचे. ती मूळची सटाण्याची आहे हे त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. स्टाफरूममध्ये आईचा फोन आला की ती भिंतीकडे तोंड करून अगदी छापील मराठीत उत्तरं द्यायची, आणि पलीकडून बिचारी म्हातारी 'जेवनी का? तब्बेत बरी शे ना?' असं विचारत राहायची.

विद्यार्थ्यांविषयी तिचं मत ठरलेलं होतं. ही मुलं ग्राफ पेपरवर मान मोडून बोटाएवढे मोर काढणार, कोयऱ्या काढणार, एका कोयरीला दुसरी कोयरी चिकटवणार आणि पास होऊन कुठल्यातरी दुकानात ब्लाउज पीस मोजणार. रुमालाएवढी माणसं, असं ती म्हणायची.

तिचं स्वतःचं म्हणणं वेगळं होतं, आणि खरं सांगायचं तर ते चुकीचंही नव्हतं. पडदा भिंतीएवढा असतो, चादर पलंगाएवढी असते, साडी तर बाईला वेढून उरते. मग ते काढणारा हात मनगटापुरताच का हलावा? आधी मोठं काढा. खांद्यातून, कमरेतून, चालत चालत काढा. नंतर त्यातला हवा तो तुकडा कापडासाठी उचला. हे तिने मीटिंगमध्ये मांडलं तेव्हा प्राचार्य हसून म्हणाले, की मॅडम, कल्पना छान आहे, पण एवढा कागद टांगायला आपल्याकडे भिंत कुठाय? सगळे हसले. तृप्तीही हसली. त्या हसण्यावरून तिने त्या सगळ्यांना मनातून कायमचं पुसून टाकलं.

भिंत तिला घोटीत मिळाली. दिनेश नावाचा तिचा एक जुना विद्यार्थी शिक्षण अर्धवट सोडून घरच्या तांदळाच्या पेढीवर बसला होता. त्याच्या वडिलांची जुनी राईस मिल बंद पडून होती. मशिनरी विकून झाली होती आणि नुसता गाळा उरला होता. तृप्तीने मागितला आणि त्याने दिला. एवढ्या मोठ्या मॅडम आपल्या मिलमध्ये काम करणार याचंच त्याला अप्रूप. तृप्तीच्या लेखी तो मालक नसून, किल्ली घेऊन येणारं तांदळाचं पोतं होता.

दोन हजार एक सालचा तो हिवाळा. मुंबईच्या एका मोठ्या फर्निशिंग कंपनीने भव्य आकाराच्या चित्रांवरून बेतलेल्या कापडांचं प्रदर्शन जाहीर केलं होतं. त्यात निवड झाली की तिथे नोकरी जवळजवळ ठरलेली. तृप्ती शनिवार-रविवारी सकाळी आपली मारुती काढायची, विल्होळी, वाडीवऱ्हे मागे टाकत घोटी गाठायची आणि ऊन उतरेपर्यंत काढत बसायची. बसायची कसली, फिरायची.

२

मिल म्हणजे एक लांबरुंद, उंच गाळा होता. वरचे पत्रे काळवंडलेले होते आणि त्यात मधेमधे बसवलेल्या पारदर्शक पत्र्यांतून पिवळट उजेड खाली यायचा. भिंतींना भाताच्या कोंड्याचा थर बसलेला. एका टोकाला दार होतं. दुसऱ्या टोकाला, पूर्वी जिथून भात मशीनमध्ये ओतायचे, तो लोखंडी माळा आणि त्यावर जाणारी उभी शिडी. खाली शहाबादी फरशी. पुढच्या खोलीत भागीबाई राहायची. ती डोंगराकडची. नवरा नाशिकला बांधकामावर गेलेला, म्हणून दिनेशने तिला राखणीला ठेवलं होतं. ती रोज झाडायची, पाणी भरून ठेवायची आणि मॅडमना चहा करून द्यायची. तृप्तीने तिला कधी नावाने हाक मारली नाही. 'अगं ए' म्हटलं की काम व्हायचं.

ब्राऊन पेपरचे रोल आडवे लावून, मागून पट्ट्या चिकटवून तृप्तीने चादरी केल्या होत्या. लांब बांबूच्या टोकाला कोळशाची कांडी बांधायची, कागदावर उभं राहायचं आणि चालायचं. काय काढायचं हे ठरवायचं नाही. हात जाईल तिकडे जाऊ द्यायचा. लांबलचक, वळणाच्या, एकमेकींच्या अंगावरून जाणाऱ्या रेषा उमटायच्या. कुठे पाण्यासारख्या, कुठे नांगरटीसारख्या. तिला त्या आवडायच्या.

एका शनिवारी तिने एक चादर उचलायला म्हणून गोल गुंडाळली. दोन्ही कडा शेजारी आल्या आणि ती थबकली.

कापडाचं डिझाइन पुन्हा पुन्हा छापलं जातं. त्यामुळे कागदाच्या उजव्या कडेला संपणारी रेषा डाव्या कडेवर नेमकी तिथूनच सुरू व्हावी लागते. याला रिपीट म्हणतात, आणि तो जुळवताना मुलं रडकुंडीला येतात. इथे तृप्तीने तो जुळवायचा विचारही केला नव्हता. पण जुळला होता. प्रत्येक रेषा पलीकडच्या रेषेत शिरत होती. जाड ठिकाणी जाड, पुसट ठिकाणी पुसट. सांधा कुठे आहे ते बोट फिरवूनच कळावं.

तिने दुसरी चादर आणून तिच्या खाली लावली. तीही जुळली.

आश्चर्य वाटायला हवं होतं. तिला अभिमान वाटला. इतक्या वर्षांच्या साधनेनंतर हात आपोआप रिपीटमध्ये चालू लागला, याला म्हणतात हात, असं तिने मनाशी म्हटलं. मग चहा प्यायली आणि तो थंड आहे म्हणून भागीबाईवर करवादली.

३

काम वाढलं तेव्हा हाताखाली कोणीतरी हवं म्हणून तिने मनाली साळवेला आणलं. मनाली शेवटच्या वर्षाला होती. सातपूरच्या कामगार वसाहतीत राहायची. वडील कारखान्यात कारकून. घरी बुद्धांच्या तसबिरीखाली तिला शाळेत मिळालेल्या बक्षिसांची रांग. मुलगी हुशार होती, आणि तृप्तीला नेमकी तीच गोष्ट खटकायची. मनालीला मात्र मॅडमचं मोठं चित्र काढण्याचं वेड मनापासून पटलं होतं. वर्गात एकटीनेच तिने घरी कागद जोडून तसं काढून पाहिलं होतं. तो कागद ती मोठ्या आशेने घोटीला घेऊन आली.

तृप्तीने तो उलगडलासुद्धा नाही नीट. अर्धा पाहिला आणि म्हणाली, की हे म्हणजे उशीचा अभ्रा फुगवून पलंगपोस केल्यासारखं आहे. मग कोळशाची भुकटी फरशीवर सांडू नये म्हणून तोच कागद आपल्या चित्राच्या कडेला अंथरायला सांगितला. मनालीने अंथरला.

दुपारी तृप्ती बांबू घेऊन त्या कडेपर्यंत आली आणि तिचा हात थांबला. तिची रेषा तिच्या कागदावर संपत होती आणि मनालीच्या कागदावर पुढे चालू होत होती. एक नव्हे, सगळ्याच. तेच वळण, तोच दाब.

"माझं पाहून काढलंस," तृप्ती म्हणाली.

"नाही मॅडम. हे मी दिवाळीच्या सुट्टीत काढलंय, घरी. तुमची ही चादर तुम्ही आज सकाळी सुरू केलीत."

ते खरं होतं. तो रोल तृप्तीने त्याच सकाळी मनालीसमोर कापला होता. तरीही तिने मनालीकडे असं पाहिलं, की मुलीने आपल्याच कागदासाठी माफी मागितली.

४

तृप्ती काही खुळी नव्हती. तिने डोकं लावलं. दोन लांब रेषा शेजारी ठेवल्या की माणसाचा डोळा त्या जोडून टाकतोच. ढगात हत्ती दिसतो तसंच हे. याची खात्री करून घ्यायची म्हणून तिने भागीबाईला आत बोलावलं, हातात बांबू दिला आणि सांगितलं, की काढ काहीतरी.

भागीबाई पदर तोंडाशी धरून हसली. तिने जन्मात पेन्सिल धरली नव्हती. झाडू मारावा तसा तिने बांबू कोऱ्या कागदावर मागेपुढे फिरवला आणि 'झालं बाई' म्हणून मोकळी झाली. तृप्तीने तो कागद चित्राच्या एकेका कडेला लावून पाहिला. कुठेच बसेना. तिचा जीव भांड्यात पडला, आणि तेवढ्यात मनालीने कागद फिरवून माळ्याच्या बाजूच्या कोपऱ्यात सरकवला. तो बसला. त्या एकाच जागी, पण असा बसला की झाडूचे ते फटकारे दोन्हीकडच्या रेषांचा राहिलेला भाग वाटावेत.

पुढच्या आठवड्यात तिने कॉलेजच्या कपाटातून मुलांच्या जुन्या कामांचे गठ्ठे गाडीत घालून आणले. प्रयोग म्हणून काढलेली, टाकून दिलेली, नापास झालेली चित्रं. लहान-मोठी, शाईची, रंगाची, ज्यांना ती कधी 'कचरा' म्हणाली होती अशी. ती फरशीवर पसरून दोघी दिवसभर गुडघ्यांवर सरपटत होत्या. प्रत्येकाला जागा होती. प्रत्येकाला एकच जागा होती. ती सापडली की कागद तिथे जाऊन पडायचा, जसा काही तिथूनच कधीतरी फाटला होता.

मनाली घाबरली. हे काय आहे मॅडम, असं तिने विचारलं, आणि घरी जाऊया असंही म्हणाली.

तृप्तीला भीती नाही वाटली. तिला अपमान वाटला. त्या ग्राफवाल्या, मोरवाल्या पोरांच्या रेषा, त्या झाडूवालीची रेघ, आणि आपली रेषा, एकाच चित्राच्या? आपण आयुष्यभर जे हाताचं वेगळेपण म्हणून मिरवलं, ते यांच्या शेजारी जाऊन इतक्या सहज बसावं? तिच्या मनात याहून पुढचा प्रश्न आलाच नाही. हे चित्र मुळात कोणाचं, तो एवढा मोठा कागद कुठून फाटला होता, हे तिने स्वतःला विचारलं नाही. तिरस्कार माणसाला असा उपयोगी पडतो. तो भीतीला आत येऊ देत नाही, दारातच उभा राहतो.

तिने ठरवलं, की पूर्ण करायचं. पूर्ण करून आपल्या नावाने पाठवायचं.

५

डिसेंबर सरत आला तसा कागद भिंतीपासून भिंतीपर्यंत गेला. दाराच्या उंबऱ्यापासून माळ्याच्या शिडीपर्यंत फरशी कुठे दिसत नव्हती. फक्त मधला एक भाग कोरा राहिला होता. तिथे कोणाचाच कागद बसेना. तृप्तीने तिथे कोरा ब्राऊन पेपर चिकटवला आणि स्वतः काढायला घेतलं, तर कोळसा लागेना. टेकवला की घसरायचा. ताणून धरलेल्या कापडावर खडू फिरवावा तसा. कागद खराब आला असेल, ती म्हणाली.

घोटीची थंडी तेव्हा कडक असते. सकाळी तोंडातून वाफ निघते आणि शहाबादीवर अनवाणी पाय ठेववत नाही. एका रविवारी तृप्ती आत आली तर भागीबाई झाडू घेऊन उंबऱ्याबाहेरच उभी.

"म्या आत नाय यायची बाई," ती म्हणाली. "कागद गरम लागतोय."

तृप्ती चपला काढून कागदावर गेली. कागद कोमट होता. उन्हात वाळत घातलेल्या कपड्यासारखा नव्हे. वेगळा. माणूस नुकतं उठून गेल्यावर त्याची गादी लागते तसा. ऊन अजून पत्र्यावर चढलंही नव्हतं. खालच्या फरशीला हात लावून पाहावा म्हणून ती वाकून कागद उचलायला गेली. पण तो पट्ट्यांनी इतका घट्ट जोडलेला होता की कड सापडली नाही. खाली कोंडा साठला असेल, कोंडा कुजला की उष्णता धरतो, असं तिने भागीबाईला सांगितलं. तू नीट झाडत नाहीस म्हणून, असंही सांगितलं.

आणि आवाज. तो आधीपासून असावा, कळला मात्र तेव्हा. दोघी कामात असल्या, बोलणं थांबलेलं असलं, की गाळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सळसळ जायची. खळ घातलेल्या चादरीत कोणी कूस बदलावी तेवढीच. मग बराच वेळ काही नाही. थंडीत कागद आखडतो, असं तृप्ती म्हणाली. मनाली मान हलवायची, पण चालताना ती आता पाय उचलून हळू टाकायची. लहान मूल झोपलेल्या खोलीत चालतात तशी. तृप्तीला ते पाहून चीड यायची आणि ती मुद्दाम टाचा आपटत फिरायची.

६

फोटो काढायचा दिवस आला. एवढं मोठं चित्र एका फोटोत घ्यायचं तर वरूनच घ्यावं लागणार होतं. तृप्तीने कॅमेरा मनालीच्या गळ्यात अडकवला आणि तिला शिडीने माळ्यावर चढवलं. स्वतः खाली मधोमध, त्या कोऱ्या जागेच्या कडेला, एक पट्टी दाबत बसली.

मनाली वर गेली, पण कॅमेऱ्याचा खटका वाजेना. तृप्तीने दोनदा विचारलं, की चौकटीत येतंय का सगळं. शेवटी तिने वर पाहिलं तर मनाली कठड्याला घट्ट धरून उभी होती. कॅमेरा नुसता लोंबत होता.

"मॅडम, तुम्ही तिथून बाजूला या," ती अगदी हळू म्हणाली. "हे डिझाइन नाहीये. हे पांघरूण आहे."

तृप्तीने सुस्कारा सोडला. सातपूरच्या पोरी, चित्र दाखवलं तरी यांना अंथरूण-पांघरूणच दिसणार, असं काहीतरी ती बोलली, आणि मनालीला खाली यायला सांगून, तिच्या गळ्यातला कॅमेरा घेऊन स्वतः शिडी चढली. चढता चढता वरूनच हुकूम सोडला, की आता तू मध्ये जाऊन उभी राहा, चित्र केवढं आहे ते कळायला मापासाठी एक माणूस हवं. मनालीने नको म्हटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच म्हटलं. तृप्तीने तिला आठवण करून दिली, की शेवटच्या वर्षाचं काम तपासणारी मी आहे. मनाली कडेकडेने चालत गेली आणि त्या कोऱ्या जागेजवळ उभी राहिली.

तृप्तीने माळ्यावर पाय ठेवला, वळली आणि खाली पाहिलं.

इतके आठवडे ती त्या रेषांवरून चालली होती. त्यांचं वळण न वळण तिला पाठ होतं. वरून त्या रेषा राहिल्याच नव्हत्या. त्या चुण्या होत्या. एवढ्या हातांनी, एवढ्या वर्षांत, कोणाला काही माहीत नसताना काढलेल्या सगळ्या रेघा मिळून एका प्रचंड कापडाच्या चुण्या झाल्या होत्या, आणि ते कापड कशावर तरी घातलेलं होतं. इथे उंच होत होतं, तिथे खोल जात होतं. एक लांब उतार दारापाशी भिंतीखाली शिरून पलीकडे गेला होता. म्हणजे मिलमध्ये मावत होता तो त्याचा तुकडाच. तो खांदा असेल, किंवा दुसरं काही. बाकीचं बाहेर होतं, घोटीच्या जमिनीखाली, कुठवर कोण जाणे. आणि मधली ती कोरी जागा कोरी नव्हती. तिथे कापड ताणलेलं होतं. जिथे खालून काहीतरी टेकलेलं असतं, तिथे चुण्या पडत नाहीत.

सपाट कागद आहे, तिने स्वतःला सांगितलं. छाया आणि प्रकाश. हे तर पहिल्या वर्षाला शिकवतात. तिने कॅमेरा डोळ्याला लावला.

भिंगातून तिला दिसलं, की मनालीच्या पायांभोवतीच्या चुण्या बारीक होत आहेत. एकेक करून जवळ येत आहेत. झोपेतला माणूस मुठीत चादर गोळा करतो तशा.

मनालीला यातलं काहीही कळत नव्हतं. ती खाली, सपाट कागदावर उभी राहून वर मॅडमकडे पाहत होती. तिला ओरडून सांगायला हवं होतं, की पळ. पण तसं ओरडायचं म्हणजे या मुलीचं खरं होतं हे कबूल करायचं. भागीबाई दारात उभी राहून ऐकत होती, तिच्यासमोर कबूल करायचं. तृप्तीने तो एक क्षण जाऊ दिला.

आणि तिने फोटो काढला.

७

खटका वाजला आणि सळसळ झाली. या वेळी मोठी. मनालीने ती तळपायांनी ऐकली असावी. तिने कोणाला काही विचारलं नाही, मॅडमकडे बघितलंही नाही. तशीच दारापर्यंत चालत गेली आणि उंबरा ओलांडून भागीबाईशेजारी उभी राहिली. तृप्ती वरून पाहत होती. चुण्या मनालीच्या मागे थोड्या गेल्या, थांबल्या, मग सैल झाल्या. आणि हळूहळू माळ्याकडे वळल्या.

शिडीचा पाय कागदावर होता.

दारातून भागीबाईने विचारलं, की बाई, उतरत का नाय. तृप्ती जरबेच्या आवाजात म्हणाली, की कागद तिकडून गुंडाळायला घ्या, फोटो झाला, आता नको आहे तो. तिला वाटलं, कागद निघाला की खाली फरशी दिसेल. फरशी दिसली की सगळं संपेल.

दोघींनी उंबऱ्याबाहेर बसून कड मोकळी केली आणि ओढली. कागद येईना. कुठे अडकला म्हणावं तर फाटतही नव्हता. भागीबाईने पाय उंबऱ्याला रोवले आणि जोर लावला. वीतभर कागद तिच्याकडे आला, आणि मग पलीकडून ओढ बसली. जोराची नव्हे. आळसावलेली. झोपमोड झाल्यावर आपलं पांघरूण आपल्याकडे घ्यावं तशी. भागीबाईच्या हातातून कड सुटली आणि अख्खा कागद एका अंगाने आत सरकला.

एका बाजूने पांघरूण ओढलं की दुसऱ्या बाजूला अंग उघडं पडतं. माळ्याच्या अगदी खाली, भिंतीलगतच्या कोपऱ्यात कागद बाजूला झाला. दारातल्या दोघींना तो कोपरा दिसत नव्हता. तृप्ती त्याच्या बरोब्बर वर होती. तिथे शहाबादी दिसायला हवी होती.

ती काही ओरडली नाही. तिने तोंडावर हात दाबला, आणि मग अशा आवाजात बोलली, की मनालीला आधी तो तिचा वाटलाच नाही. शब्दही छापील नव्हते.

"वढू नका वो. झाका. परत झाका त्याले. हळू."

मनाली आत आली. ती का आली हे तिला स्वतःलाही नंतर सांगता आलं नाही. ती भिंतीला धरून, श्वास कोंडून माळ्याखाली आली. तृप्तीने वरून बोटाने दाखवलं, की तिकडे बघू नको. मनालीने तोंड भिंतीकडे केलं, पायाने कागदाची कड चाचपली आणि हातांनी हळूहळू पुढे ओढून घेतली. आजारी माणसावर गोधडी घालावी तशी. मग हात वर केला. तृप्ती शिडी उतरली, तो हात धरून त्या कोमट कागदावरून टाचा न टेकवता चालली, आणि दोघी बाहेर उन्हात आल्या.

मनालीने हात धरला होता तो उंबऱ्यापर्यंतच. बाहेर आल्यावर तिने तो सोडवला आणि ओढणीला पुसला. पुसताना मॅडमच्या डोळ्यांत पाहिलं. तृप्तीने आयुष्यभर ज्या नजरेने लोकांकडे पाहिलं होतं, ती नजर कशी लागते ते तिला त्या दिवशी कळलं. मग मनाली हायवेच्या दिशेने निघाली आणि मिळेल त्या गाडीने सातपूरला गेली. भागीबाईने त्याच दुपारी आपलं बोचकं बांधलं.

८

तृप्तीने प्रदर्शनाला काही पाठवलं नाही. फिल्मचा रोल कॅमेऱ्यातून काढून उन्हात उघडा धरला. दिनेशला कळवलं, की काम झालं आहे, गाळा बंद ठेवलेला बरा. का, ते सांगितलं नाही. एका पोत्याला काय सांगायचं. मनालीच्या शेवटच्या वर्षाच्या कामाला तिने सर्वांत जास्त गुण दिले. मनाली निकालाच्या दिवशी आली, गुणपत्रिका घेतली आणि न भेटता गेली.

उन्हाळा सरताना एका दुपारी स्टाफरूममध्ये फोन वाजला. दिनेश होता. त्याने मिल एका पोहेवाल्याला भाड्याने दिली होती. मोठं मशीन बसवलं होतं, दोन पाळ्यांत बायका कामाला होत्या. त्याचा आवाज अवघडलेला होता. तो सांगत होता, की जुना कागद काही मिळाला नाही, बहुतेक कोणीतरी नेला, त्याचं काही नाही. पण मशीनखालचं काँक्रीट बसत नाही. गवंडी पातळी करून जातात आणि आठवड्याभरात एक बाजू उचललेली असते. मशीन सुरू असलं की जास्तच. बायका म्हणतात, फरशी तापते.

"तुम्ही तिथे इतके दिवस काम केलंत मॅडम," तो म्हणाला. "तुम्हाला कधी जमीन हलल्यासारखी वाटली का? तुम्ही सांगाल तसं करतो. बंद करायचं तर बंद करतो."

फोनमध्ये मागे मशीनचा धडधडाट ऐकू येत होता. त्यावर बायकांचे आवाज, एकीचं हसणं. समोरच्या टेबलावर दोघे-तिघे सहकारी चहा पीत होते. त्यांच्यापैकी एकाने मान वर करून, मुंबईवालीला कोणाचा फोन आलाय म्हणून सहज पाहिलं.

तृप्तीने पाठ ताठ केली.

"घोटीच्या गवंड्यांना पातळी म्हणजे काय ते तरी कळतं का?" ती हसून म्हणाली. "नाशिकहून चांगला माणूस ने. मला नाही कधी काही वाटलं."

दिनेशला हायसं वाटलं. त्याने मनापासून आभार मानले. तृप्तीने रिसीव्हर ठेवला. मग कोणाचं लक्ष नाही असं पाहून तो पुन्हा उचलला, आणि टेबलावर आडवा काढून ठेवला.